बीज, आहार आणि गर्भ : मधुमेहाच्या कारणाचा शोध

मधुमेह घराण्यातून येतो की राहणीतून, हा प्रश्न भारतात आयुर्वेदाच्या जुन्या संहितांइतका जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे, म्हणजे मधुमेहाला सामावणाऱ्या मूत्रविकारांचे, दोन वर्ग केले आहेत. एक सहज, म्हणजे आईबापांच्या बीजदोषामुळे जन्मासोबत आलेला. दुसरा अपथ्यातून उद्भवलेला. दोन्ही रोग्यांची वर्णनेही वेगवेगळी आहेत. पहिला कृश, रूक्ष, कमी खाणारा, सतत तहानलेला आणि एका जागी न टिकणारा. दुसरा स्थूल, भरपूर खाणारा, तुकतुकीत अंगाचा, बसण्या-झोपण्याची आवड असलेला. चरकसंहितेतही हे दोन्ही धागे आहेत. आरामात बसून राहणे, फार झोपणे, दही, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा अतिरेक ही तिथे रोगाची कारणे म्हणून येतात. शिवाय प्रमेही आईबापांच्या पोटी जन्मलेल्याचा प्रमेह बीजदोषामुळे असाध्य असतो, असेही म्हटले आहे.

कारण वेगळे तर उपचारही वेगळा, हे सुश्रुताने तर्काने पुढे नेले. स्थूल रोग्याला त्याने कष्ट सांगितले. निर्धनाने अनवाणी, छत्रीविना, भिक्षेवर राहून, एका गावात एकाच रात्री मुक्काम करत शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे. धनवंताने सावा, देवभात, आवळा, कवठ अशा रानच्या आहारावर राहावे. कोणी विहीर खणावी. कृश रोग्याला मात्र जपावे, त्याला झिजवू नये. आजच्या दवाखान्यात बारीक रोग्यालाही सरसकट ‘वजन कमी करा’ असे सांगितले जाते, तेव्हा हा भेद आठवणे उपयोगाचे ठरेल.

सुश्रुताचा ‘सहज’ म्हणजे आजचा टाइप १ आणि ‘अपथ्यज’ म्हणजे टाइप २, असे समीकरण अनेक पुस्तकांत मांडलेले असते. ते आकर्षक असले तरी बरोबर नाही. टाइप १ झालेले बहुतेक रोगी अशा घरांतले असतात, जिथे आधी हा आजार कोणालाच नव्हता. उलट राहणीचा म्हणून ओळखला जाणारा टाइप २ हाच घराण्यांतून अधिक ठळकपणे उतरताना दिसतो. एकाच माणसाच्या बाबतीत बीज आणि अपथ्य दोन्ही खरे असू शकतात, ही शक्यता मात्र संहितांच्या वर्गीकरणात पुढे आली नाही. ती पुढे यायला विसावे शतक उजाडावे लागले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या डॉक्टरांना मधुमेहाचे रोगी मोठ्या संख्येने दिसू लागले. १९०७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये उष्ण कटिबंधातील मधुमेहावर एक चर्चा छापून आली. तीत कैलासचंद्र बोस यांनी बंगालमधला आपला अनुभव मांडला. चित्र असे होते की हा आजार सुशिक्षित, सुखवस्तू, बैठे काम करणाऱ्या वर्गाचा आहे: वकील, न्यायाधीश, जमीनदार, सरकारी अधिकारी. नवे शिक्षण, मानसिक ताण, व्यायामाचा अभाव आणि तुपासाखरेचा आहार यांच्याकडे बोट दाखवले गेले. निरीक्षण चुकीचे नव्हते, पण ज्या नमुन्यावर ते उभे होते तो फार अरुंद होता. लघवी तपासून घेण्याइतका पैसा ज्याच्याकडे होता, त्याचाच आजार नोंदवला जात होता. खेड्यात तहानेने, फोडांनी किंवा क्षयाने मेलेल्या माणसाला मधुमेह होता की नाही, हे पाहणारा कोणी नव्हता. ‘मधुमेह हा श्रीमंतांचा रोग’ ही समजूत तेव्हा घट्ट बसली. तिचे परिणाम पुढे शंभर वर्षे टिकले. गरिबाच्या घरात हा आजार फारसा शोधला गेला नाही.

१९२१ मध्ये टोरोंटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा एका मुलाला टोचले गेले. त्याने लाखो जीव वाचले. शिवाय कारणाच्या प्रश्नालाही नवे वळण मिळाले. १९३६ मध्ये लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी दाखवले की काही रोग्यांचे शरीर इन्सुलिनला चटकन प्रतिसाद देते, तर काहींचे शरीर त्याला दाद देत नाही. म्हणजे एका नावाखाली निदान दोन आजार होते. १९७० च्या दशकात हे पक्के झाले. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील बीटा पेशींवरच हल्ला करते. तिथे गोड खाण्याचा किंवा आळसाचा काही संबंध नसतो. मुलाला टाइप १ झाला की आईवडील, विशेषतः आई, ‘आपलेच काही चुकले’ म्हणून स्वतःला कोसत राहतात, तो दोष पूर्णपणे अनाठायी आहे. थोड्या घरांत एकाच जनुकातील बिघाडामुळे पिढ्यान्‌पिढ्या तरुण वयात मधुमेह होतो. तो खऱ्या अर्थाने आनुवंशिक. वाद उरला तो टाइप २ चा, आणि भारतातले बहुतांश रोगी याच वर्गातले आहेत.

आनुवंशिकतेच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा १९८१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून आला. डेव्हिड पाइक आणि सहकाऱ्यांनी एकरूप जुळ्यांच्या २०० जोड्या अभ्यासल्या. टाइप १ च्या जोड्यांपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जोड्यांतच दोन्ही भावंडांना आजार होता. टाइप २ च्या ५३ जोड्यांपैकी ४८ मध्ये दोघांनाही होता. नव्वद टक्क्यांवर जाणारा हा आकडा पाहून अनेकांना वाद संपल्यासारखा वाटला. पण दोघांनाही आजार असलेल्या जोड्या अशा पाहणीत अधिक सहज सापडतात, त्यामुळे आकडा फुगतो. याहून महत्त्वाची गोष्ट त्या वेळी फारशी कोणी बोलली नाही: एकरूप जुळी केवळ जनुकेच नव्हे तर गर्भाशयही वाटून घेतात. त्यांच्यातले साम्य बीजाचे की गर्भातल्या नऊ महिन्यांचे, हे जुळ्यांकडे पाहून सांगता येत नाही.

जनुके वाईट असतील तर ती इतकी पसरली कशी? या प्रश्नावर १९६२ मध्ये अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ जेम्स नील यांनी ‘काटकसरी जनुकां’ची कल्पना मांडली. दुष्काळ आणि सुकाळ आलटून-पालटून येत असताना जे शरीर मिळालेले अन्न पटकन चरबीत साठवू शकते ते तगते. पुढे अन्न रोजचेच झाले की तीच काटकसर अंगावर उलटते. या कल्पनेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून ॲरिझोनातील पिमा लोकांकडे बोट दाखवले जाई. हे लोक गिला नदीच्या पाण्यावर शेती करत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला वसाहतवाल्यांनी पाणी वळवले, शेती बुडाली, उपासमार झाली आणि मग सरकारी शिध्यातील मैदा, चरबी, साखर हे त्यांचे अन्न बनले. १९६५ पासून तिथे अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने अभ्यास सुरू केला, तेव्हा पस्तिशीपुढच्या निम्म्या माणसांना मधुमेह आढळला. इतके प्रमाण त्याआधी जगात कुठे नोंदले गेले नव्हते.

पिमांच्या रक्तातच हा आजार आहे, असे मग सर्रास लिहिले गेले. त्याचे उत्तर मेक्सिकोतल्या डोंगरांत होते. सोनोरा प्रांतातील मायकोबा परिसरात याच वंशाचे पिमा राहतात; ते हाताने शेती करत, खूप चालत, मका, घेवडा आणि बटाट्यावर जगत. २००६ मध्ये दोन्हीकडची तुलना प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या पिमांमध्ये मधुमेह सुमारे ३८ टक्के, मेक्सिकोतल्यांमध्ये सुमारे ७ टक्के. पूर्वज एक, प्रमाणात पाचपटीहून अधिक फरक. ज्यांची नदी काढून घेतली त्यांच्या आजाराचे खापर त्यांच्या जनुकांवर फोडणे किती अन्यायाचे होते, हे या दोन आकड्यांतून दिसते.

उलट बाजूचा प्रयोग इतिहासाने मॉरिशसमध्ये केला. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून भारतीय तिथे नेले गेले. त्यांत मुंबईहून गेलेली मराठी कुटुंबेही होती आणि त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात. १९८७ मध्ये बेटावर मोठी पाहणी झाली. भारतीय वंशाचे हिंदू, भारतीय वंशाचे मुसलमान, आफ्रिकी वंशाचे क्रिओल आणि चिनी, अशा चारही समाजांत मधुमेहाचे प्रमाण १० ते १३ टक्क्यांच्या दरम्यान निघाले. वेगवेगळ्या मुळांची माणसे दीडशे वर्षांत एकाच बेटावर, एकाच बदलत्या राहणीत येऊन जवळजवळ एकाच जागी पोचली. भारतीयांच्या रक्तात काही खास आहे असे मानणाऱ्यांना चिन्यांचा आणि क्रिओलांचा आकडा गैरसोयीचा होता.

तरीही ‘राहणी’ एवढे म्हणून भागत नव्हते, आणि ते का भागत नाही याचा शोध पुण्यात लागला. त्याची पार्श्वभूमी इंग्लंडची. हार्टफर्डशायरमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी सुइणींनी नवजात बाळांची वजने वह्यांत काळजीपूर्वक लिहून ठेवली होती. त्या वह्यांच्या आधारे डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी म्हातारपणाकडे झुकलेल्या पुरुषांना शोधून तपासले. जन्मतः ज्यांचे वजन कमी होते त्यांच्यात मधुमेह अधिक निघाला. १९९२ मध्ये दोघांनी मांडले की काटकसर जनुकांतच असली पाहिजे असे नाही. पोटात अन्न तुटपुंजे मिळाले की गर्भ स्वतःच काटकसरीने घडतो. मेंदू वाचवण्यासाठी स्नायू, स्वादुपिंड आणि मूत्रपिंड यांच्यावरचा खर्च कमी केला जातो आणि ती तूट जन्मभर राहते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना आपल्या रोग्यांत वेगळेच काही दिसत होते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातला टाइप २ चा रोगी वयस्क आणि लठ्ठ. पुण्यातला रोगी दहा-पंधरा वर्षे तरुण आणि वजनकाट्यावर बारीक. १९९३ मध्ये त्यांनी साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल यांच्या सहकार्याने पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. शोभा राव यांच्यासारख्या आघारकर संशोधन संस्थेतील आहारतज्ज्ञांनी बायका काय खातात आणि दिवसभर काय काम करतात, हे बारकाईने नोंदवले. गर्भार राहण्याआधीचे या बायकांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. पाणी भरणे, शेतात निंदणी-खुरपणी, सरपण, धुणे, भाकऱ्या हे सगळे गर्भारपणातही चालूच होते, आणि ज्यांचे काम अधिक त्यांची बाळे लहान. विशीच्या आगेमागे असलेल्या यांतल्या अनेकजणी १९७२ च्या दुष्काळाच्या लगतच्या वर्षांत जन्मलेल्या असणार, हे साध्या हिशेबाने कळते. दुष्काळात मिळालेल्या मिलो ज्वारीवर आणि सुकडीवर घर चालवलेल्या आयांच्या पोटी.

बाळांचे सरासरी वजन भरले सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याच्या संशोधकांनी मात्र वजनावर न थांबता बाळाच्या अंगाची मापे घेतली. पोट, दंड, डोके, उंची सगळे इंग्रज बाळांपेक्षा कमी. पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत येणारी चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. म्हणजे स्नायू आणि अवयव आटले, चरबी टिकली. ‘बारीक पण चरबीचे भारतीय बाळ’ ही कल्पना २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे टिपण आले. त्यात दोन शास्त्रज्ञांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र होते: डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा भारतीय शरीराबद्दल किती कमी सांगतो, हे समजावायला यापेक्षा सोपे साधन सापडणे कठीण.

गावांतल्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आईने एकूण किती उष्मांक घेतले यापेक्षा पालेभाज्या, फळे आणि दूध तिच्या पोटात गेले का, याचा बाळाच्या वाढीशी अधिक स्पष्ट संबंध होता. रक्ततपासणीत निम्म्याहून कितीतरी अधिक मातांमध्ये जीवनसत्त्व ब-१२ कमी आढळले. हे जीवनसत्त्व मांस, मासे, अंडी आणि दुधातून मिळते; भाकरी-भाजी-आमटीच्या ताटात दूध कपभर चहापुरतेच असेल तर ते पुरत नाही. २००८ मध्ये दिसून आले की ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट भरपूर होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी दाद देत होते. असा संबंध म्हणजे कारण सिद्ध झाले असे नाही. पण गर्भवतींना फोलिक ॲसिडच्या गोळ्या देणाऱ्या देशात ब-१२ कडे दुर्लक्ष का व्हावे, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि तो रास्त आहे.

ही मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. जवळजवळ निम्मी कमी वजनाची होती. तरीही ३७ टक्के मुलग्यांमध्ये आणि १८ टक्के मुलींमध्ये रक्तशर्करा सामान्य मर्यादेच्या वर होती. ही खेड्यांतली, बारीक, तरुण मुले होती. १९०७ च्या चर्चेतल्या वकील-जमीनदारांशी त्यांचे काहीच जुळत नव्हते.

आईकडून मुलाकडे जाणारी पण जनुकांत नसलेली ही वाट दुसऱ्या टोकालाही सापडली आहे. गरोदरपणात आईची साखर वाढलेली असेल तर जास्तीचे ग्लुकोज वारेतून बाळापर्यंत पोचते. पिमांमध्ये याचा नेमका तपास झाला. ज्यांच्या आईला गरोदरपणातच मधुमेह होता, अशा विशीतल्या मुलांपैकी सुमारे ४५ टक्क्यांना मधुमेह झालेला होता. ज्यांच्या आईला तो नंतर झाला, त्यांच्यात नऊ टक्क्यांहूनही कमी. २००० मध्ये सख्ख्या भावंडांची तुलना झाली, तेव्हा आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेल्या भावंडाला धोका आधी जन्मलेल्यापेक्षा साडेतीन पटींहून अधिक निघाला. आईबाप तेच, घर तेच. गर्भातली साखर तेवढी वेगळी. ‘आमच्या घरात शुगर आहे’ असे म्हणताना जे घराण्याच्या खात्यावर लिहिले जाते, त्यातला काही भाग प्रत्यक्षात या नऊ महिन्यांचा असतो.

जनुकांची बाजू यामुळे खोटी ठरत नाही. २००६ मध्ये आइसलँडच्या शास्त्रज्ञांनी टीसीएफ७एल२ या जनुकाचा टाइप २ शी असलेला संबंध शोधला. पुढच्या वर्षी पुणे आणि हैदराबादच्या संशोधकांनी भारतीयांमध्येही तो ठामपणे दाखवला. त्यानंतर अशा जनुकस्थानांची यादी शेकड्यांत गेली. पण बहुतेक स्थानांचा वाटा अगदी थोडा. आईबापांपैकी एकाला टाइप २ असेल तर मुलाला जन्मभरात तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के आणि दोघांनाही असेल तर ७० टक्के धरली जाते. सापडलेली सगळी जनुके एकत्र केली तरी हे प्रमाण पूर्ण उलगडत नाही. कुटुंबात जनुकांबरोबर स्वयंपाकघर, जेवणाची वेळ, कामाची रीत आणि आईचे पोषणही पुढच्या पिढीला मिळते, हे त्याचे एक उघड कारण.

प्रमाण किती वेगाने बदलू शकते, हे भारताच्या आकड्यांत दिसते. १९७० च्या दशकात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीत शहरांत सुमारे २ आणि खेड्यांत दीड टक्का मधुमेह आढळला होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या याच परिषदेच्या देशव्यापी पाहणीत प्रौढांमधले प्रमाण ११.४ टक्के निघाले, शहरांत १६.४ आणि खेड्यांत ८.९. सर्वाधिक प्रमाण गोव्याचे, २६.४ टक्के. तपासण्याच्या पद्धती बदलल्या आहेत आणि माणसे अधिक जगतात, हे धरूनही पन्नास वर्षांत गोव्याची किंवा कोणत्याच राज्याची जनुके बदललेली नाहीत. बदलले ते चालणे, काम, पॉलिश केलेला तांदूळ, तेल, साखर आणि ताटातली रोजची मात्रा. अडचण अशी की लहानपणी तुटपुंज्या पोषणावर घडलेल्या शरीरावर हा बदल आला, म्हणून थोडी चरबीही त्याला झेपत नाही.

राहणी सुधारून किती फरक पडतो, याचे उत्तर चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये दिले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांना तीन वर्षे पाहिले. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार आणि व्यायामाकडे नेटाने लक्ष दिलेल्या गटात ३९.३ टक्क्यांना. फायदा मोठा आहे आणि गोळ्यांच्या तोडीचा आहे. पण सुधारलेल्या गटातही दर पाचांतल्या दोघांना आजार झालाच. या दोघांना ‘पथ्य पाळले नाही’ म्हणून बोल लावणे पुराव्याला धरून नाही.

कुपोषणातून थेट होणाऱ्या मधुमेहाचाही इतिहास याच वादात अडकला. १९५५ मध्ये जमैकात बारीक, तरुण, गरीब रोग्यांचा असा प्रकार नोंदवला गेला. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला वेगळा वर्ग दिला आणि १९९९ मध्ये काढून घेतला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी अशा रोग्यांमध्ये इन्सुलिन मुळातच कमी बनते हे दाखवल्यावर, २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. अशा रोग्याला अन्न कमी करण्याचा सल्ला देणे घातक ठरते. त्याला पुरेसे प्रथिन आणि वजनवाढ हवी असते.

पुण्याच्या सहा गावांतले काम अजून संपलेले नाही. १९९० च्या दशकात तिथे जन्मलेली मुले-मुली वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्याचा प्रयोग सुरू झाला. पूरक पोषण गर्भारपण कळल्यावर नव्हे तर त्याच्या कित्येक वर्षे आधी, आणि भावी आईबरोबर भावी बापालाही द्यायचे, ही त्यातली मुख्य कल्पना. गर्भाचे अवयव घडू लागतात तेव्हा अनेकदा आईला गर्भ राहिल्याचेही कळलेले नसते, हे त्यामागचे शास्त्रीय कारण. या तरुणांना मुले झाली की जन्मवजन आणि नाळेतील रक्त तपासायचे, असे त्या प्रयोगाचे स्वरूप होते.